सगळंच लेझी लोड करा म्हणे! पट्टीचं बटण दाबून बघा आधी

औसेकर: काल एका शहाण्यानं लिहिलं, "वेब ॲपचा प्रत्येक रूट (पान), प्रत्येक मोडल (पॉपअप) लेझी करा, म्हणजे लागेल तेव्हाच त्याचा कोड उतरवा. एकच बंडल, म्हणजे सगळा कोड एका गठ्ठ्यात, पाठवणारे मागासलेले." आमचं ॲप आडतीवर चालतं. मुनीम सकाळी ॲप उघडतो, सौदे टाकतो. दुपारी हमाली-तोलाई लावून 'पट्टी छापा' (शेतकऱ्याच्या हिशेबाची पावती) दाबतो, तर पांढरा पडदा! चंक लोड एरर, म्हणजे त्या पानाच्या कोडचा तुकडा उतरलाच नाही. मधल्या वेळेत आम्ही नवं बिल्ड (ॲपची नवी आवृत्ती) टाकलेलं, जुना चंक सर्व्हरवर नाही. समोर शेतकरी सोयाबीनच्या पैशासाठी उभा. त्याला काय सांगू, तुमचा रूट लेझी आहे?

जालन्याचा जुगाडू: लेझीला कशाला शिव्या? जुने चंक पुसता कशाला? नावात हॅश (मजकुरावरून बनलेला खुणेचा कोड) असतो, जुने-नवे शेजारी राहतात सुखानं. इंडेक्स एचटीएमएल (ॲपचं पहिलं पान) तेवढं नो-कॅश ठेवा, म्हणजे ब्राउझर दरवेळी ताजं आहे का ते विचारेल. रिॲक्टमध्ये (ॲप बांधायची जावास्क्रिप्ट लायब्ररी) लेझी २०१८ ला आलं, तेव्हापासून लोक हीच चूक करायलेत.

औसेकर: ठेवले जुने. नेट गेलं तर? रिॲक्टचं लेझी फसलेलं प्रॉमिस (लोड करायचा तो प्रयत्न) धरून बसतं. एरर बाउंड्री (एरर झेलणारा भाग) रीसेट केली तरी तीच एरर पुन्हा.

पुण्यातला उदगीरकर: म्हणून लॉगिनच्या पानावरच चार्ट आणि एक्सेलची लायब्ररी पाठवणार? जेएस (जावास्क्रिप्ट) नुसतं उतरत नाही हो, पार्स होतं म्हणजे ब्राउझर ते वाचून समजून घेतो, मग चालतं. स्वस्तातला फोन तिथंच गुडघे टेकतो. आणि मराठवाड्यात नेट नाही, हे रडगाणं किती वर्षं?

सिडकोवाला: बरोबर. संभाजीनगरात फायबर आहे, फाइव्ह जी आहे. आपणच आपल्याला मागास म्हणवून घेतो.

भूमकर: सिडको म्हणजे मराठवाडा व्हय? लाइट गेली की आमच्याकडं टॉवरची बॅटरी थोडा वेळ तग धरते, मग तोही गप. या एकदा.

सिडकोवाला: वाळूजला कंपनीत होतो, लाइट आम्हीही बघितलीय. गरिबीची स्पर्धा लावू नका.

भूमकर: स्पर्धा कोण लावायलंय? हिंजवडीच्या वायफायवर ब्राउझरच्या टूलमध्ये 'थ्री जी' निवडायचं आणि म्हणायचं, गावाकडं टेस्ट केलं! त्यात नेट हळू होतं. आमच्याकडं हळू होत नाही, जातं.

पुण्यातला उदगीरकर: मी हौसेनं आलो नाही हिंजवडीला. लातुरात कॉम्प्युटर शिकून पगार विचारला, तर मालक म्हणाला, "डेटा एंट्री येती का?" द्या तिथं नोकरी, उद्या गाडी पकडतो.

औसेकर: झालं! चंक राहिले बाजूला, उदगीरकरांचा बायोडेटा आला.

पुण्यातला उदगीरकर: तुमच्याच मालकाला पाठवतो. तेवढं एकदा ब्राउझरचा नेटवर्क टॅब उघडा, काय काय उतरतं ते दिसेल. तालुक्याच्या मुनिमाला मालकाचा नफ्याचा रिपोर्ट कशाला उतरवता?

औसेकर: बघितला टॅब. रिपोर्ट आणि एक्सेल लेझी करतो, घ्या, जिंकलात. पट्टी मुख्य बंडलमध्येच राहील.

जालन्याचा जुगाडू: मुख्य कशाला? लॉगिन झाल्यावर ब्राउझर रिकामा असताना प्रीफेच करा, म्हणजे आधीच उतरवून ठेवा. सर्व्हिस वर्कर (ब्राउझरमध्ये फाइली साठवून देणारी स्क्रिप्ट) लावला तर नेट गेलं तरी चालेल.

औसेकर: लावला होता. लोक टॅब बंदच करत नाहीत, नवा वर्कर वेटिंगमध्ये बसून राहिला आणि मुनीम जुन्याच तोलाईनं पट्ट्या फाडत होते.

जालन्याचा जुगाडू: मग 'नवी आवृत्ती आली, रिफ्रेश करा' अशी पट्टी दाखवा.

भूमकर: कोणती पट्टी? मुनीम तीबी छापंल!