पार्किंगमध्ये उभ्या गाडीला पोचे पडतात, काय उपाय करता?

जुळे_सोलापूरकर
नमस्कार मंडळी. दिवाळीला बलेनो घेतली, पांढरी. वडिलांच्या रिटायरमेंटचे पैसे त्यात आहेत त्यामुळे घरात सगळ्यांचा जीव तिच्यात अडकलाय. आमचं अपार्टमेंट जुळे सोलापुरात, खाली पार्किंग, एका बाजूला खांब आणि दुसऱ्या बाजूला शेजाऱ्यांची गाडी, मधल्या फटीत कुणीतरी स्कूटी घुसवतंच. दोन महिन्यात डाव्या मागच्या दाराला दोन पोचे आले. एक रुपयाएवढा, उजेड तिरका पडला तरच दिसतो. दुसरा दाराच्या मधल्या रेषेवरच आहे आणि तिथं रंगाचा टवका उडून आतला पत्रा दिसतोय. सकाळी फडका मारताना बोटाला खरखर लागली तेव्हा कळलं. वडील काही बोलले नाहीत, नुसतं त्या जागेवर हात फिरवत उभे राहिले, मला ते बघवलं नाही. आता कव्हर घ्यावं का? एकजण म्हणतो सिरॅमिक कोटिंग कर, सगळ्यापासून वाचतं. दाराला चिकटवायच्या रबरी पट्ट्या पण बघितल्या. ज्यांनी खरंच वापरलंय त्यांनी सांगा.

सात_रस्ता
आधी टेप घ्या आणि जागा मोजा. आमची जागा मोजली तर २.३ मीटर निघाली. बलेनोची रुंदी १७४५ मिलिमीटर, म्हणजे राहिलं साडेपंचावन्न सेंटिमीटर, आणि गाडी बरोब्बर मधोमध लावली तर दोन्हीकडं जेमतेम २८. त्यात शेजारचा माणूस उतरणार कसा, दार आपटणारच. माझी आधी वॅगनआर होती १६२० ची, तेव्हा कधी त्रास झाला नाही, नव्या गाड्या रुंद झाल्या आणि जागा तेवढ्याच राहिल्या हे खरं दुखणं आहे. मी आता मधोमध लावायचं सोडून दिलंय. खांबाच्या बाजूला आरसा मिटवून चार बोटं अंतर ठेवून लावतो, बाकीचे सगळे आधीच उतरतात, मी मोकळ्या बाजूनं उतरतो. खांब दार उघडत नाही. तुमचा खांब ड्रायव्हर साईडला येत असेल तर गाडी रिव्हर्स घालून लावा, बाजू आपोआप बदलते. खांबाला जुन्या टायरचा तुकडा खिळे मारून बसवा, आणि मागच्या चाकाला रबरी स्टॉपर, म्हणजे रोज गाडी त्याच रेषेत थांबते.

डेंटरचा_पोरगा
आमचं गॅरेज आहे, वडील तीस वर्षं डेंटिंग करतात म्हणून सांगतो. सिरॅमिकचा थर मायक्रॉनमध्ये मोजतात, त्यानं चमक राहते, धुवायला सोपं जातं, पक्ष्याची घाण लवकर निघते, पण पोचा अडवणं त्याचं कामच नाही. पीपीएफ, म्हणजे रंगावर चिकटवायची पारदर्शक फिल्म, साधारण १५० ते २०० मायक्रॉनची असते, ती ओरखडे नक्की वाचवते, पण दार आपटलं तर पत्रा दबणारच. कव्हरचं तर विचारूच नका. आपल्याकडची धूळ बघा की, वारं सुटलं की कव्हर फडफडतं आणि आतली धूळ पॉलिश पेपरसारखी घासते, काळ्या गाड्या अशा लई येतात आमच्याकडं. घालायचंच असेल तर गाडी धुवून घाला.
तुमचा रुपयाएवढा पोचा रंग न मारता निघतो. दाराचं आतलं पॅड काढून लोखंडी सळईनं मागून हळूहळू दाबत आणतात, नाहीतर बाहेरून ग्लूनं टॅब चिकटवून ओढतात. पुट्टी नाही, पेंट नाही, कंपनीचा रंग तसाच राहतो. रेषेवरचा जरा अवघड आहे कारण तिथं पत्रा दुमडलेला असतो, आणि टवका उडालाय म्हटल्यावर तिथं रंग लागणारच. तेवढं मात्र लांबवू नका, पावसाळ्याआधी टचअप लावा नाहीतर गंज धरेल. शोरूमला कलर कोड सांगितला की बाटली मिळते. आणि ते हेअर ड्रायरनं तापवून बर्फ लावायचे व्हिडिओ बघून घरी प्रयोग करू नका. उकळतं पाणी ओतून आतून ढकलायचं काम फक्त बंपरला चालतं, तो प्लास्टिकचा असतो.

विजापूर_रोड
चिकटवायच्या पट्ट्यांचं सांगतो. मार्चमध्ये लावल्या, मे मध्ये ४२ डिग्रीला टेपचा डिंक पातळ होऊन पट्टी खाली ओघळली आणि दारावर काळा डाग राहिला, रॉकेलनं पुसत बसलो. चांगल्या टेपच्या टिकतात म्हणतात, मी परत धाडस केलं नाही.
मी घरीच पॅड केलंय. जुनी सोलापुरी चादर चौपदरी करून मधे गादीतला फोम घातला, बायकोनं मशीनवर चार बाजू मारून दिल्या, वर दोन नाड्या. नाड्या दाराच्या वरच्या फटीतून आत घेऊन आतल्या हँडलला बांधतो, मग दार लॉक करतो, म्हणजे कुणी काढून पण नेत नाही. दाराचा सगळ्यात फुगीर भाग असतो ना तिथंच ते आलं पाहिजे, खाली लोंबून उपयोग नाही. लावायच्या आधी दारावरून ओला फडका फिरवायचा आणि पॅड दर आठवड्याला झटकायचं. चुंबकवाली रेडिमेड पण मिळतात, पण चुंबकाखाली एक खडा राहिला तरी चरा पडतो. उघड्यावर पावसात हे जमणार नाही, भिजलेली चादर उचलत नाही. खालच्या पार्किंगला उत्तम.

हिशोबी_माणूस
क्लेम करायच्या आधी थांबा. बाराशे सीसीच्या गाडीला प्रत्येक क्लेमला एक हजार आपल्या खिशातून जातातच, आणि नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट, शून्यावर येतो. तो पहिल्या वर्षाला २० टक्के, मग २५, ३५, ४५ करत पाचव्या वर्षी ५० होतो, ओन डॅमेजच्या, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या, प्रीमियमवर. दोन पोच्यांसाठी तो घालवू नका, आधी डेंटरकडून खर्च विचारा. दार पूर्ण गेलं तर गोष्ट वेगळी.

नवी_पेठेत_दुकान
घरचं झालं, बाहेरचं पण बघा. नवी पेठेत कडेला लावलेल्या गाडीला हँडल लागणार हे धरूनच चालायचं, मी लांब लावून चालत येतो. आणि जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसात होम मैदानाच्या आसपास गाडी न्यायचीच नाही, गर्दीत पाळण्यांकडं बघत चालणाऱ्या माणसाच्या पिशवीचा बक्कल कुठं घासतोय त्याला तरी काय कळणार. रिक्षानं जावं, सिद्धेश्वरांचं दर्शन घ्यावं.

जुळे_सोलापूरकर
सगळ्यांचे मनापासून आभार. काल टेप लावला, आमची जागा २.४ निघाली. खांब ड्रायव्हर साईडलाच होता म्हणून रिव्हर्स घालून लावली, आता शेजारच्या बाजूला हातभर जागा सुटतीय. स्कूटी वरच्या मजल्यावरच्या काकांची निघाली. मी पोचा दाखवला तर त्यांना खरंच माहीत नव्हतं, स्टँड लावताना हँडल डावीकडं वळतं ते दाराला लागत होतं. बिचारे फार ओशाळले, म्हणाले अरे आधी सांगायचं की. आता जिन्याखाली लावतात, तिथली जुनी कुंडी आम्ही दोघांनी मिळून हलवली. रुपयाएवढ्या पोच्याचं रविवारी करून घेतो, टवक्याला टचअप आणलाय. @विजापूर_रोड, तुमच्या पॅडची लांबी किती ठेवली? आईनं चादर काढून ठेवलीय.

विजापूर_रोड
तीन फूट लांब, सव्वा फूट उंच. फोम दीड इंची घ्या, एक इंची उन्हाळ्यात चपटा होतो.