चॉकलेटवरचे पांढरे डाग आणि आपल्याकडची हवा

साखरेच्या मऊ वड्या घरी चॉकलेटमध्ये बुडवल्यावर दुसऱ्या दिवशी त्यांवर पांढरट डाग का पडतात, या ताईंच्या प्रश्नावर थोडी भर घालतो. दोष बहुधा वडीचा नसून चॉकलेट वितळवण्याच्या पद्धतीचा असतो. कोको बटर (कोकोच्या बियांतील स्निग्धांश) असलेले गडद चॉकलेट ४५ ते ५० अंश सेल्सिअसपर्यंत वितळवून, सतत हलवत २७-२८ अंशांपर्यंत निववावे आणि पुन्हा ३१-३२ अंशांवर आणूनच वड्या बुडवाव्यात. असे केल्याने त्यातील स्निग्धांशाचे स्फटिक स्थिर होतात आणि कवच चकचकीत होऊन कडकन तुटते; नाहीतर हाच स्निग्धांश वर येऊन पांढरट डाग पडतात. कंपाउंड चॉकलेटमध्ये कोको बटरऐवजी इतर वनस्पतिजन्य स्निग्धांश असल्याने ही खटपट लागत नाही, पण चव पाहता मी ते सुचवणार नाही.

दुसरे कारण हवेतील दमटपणा. बेळगाव-खानापूरकडच्या पावसाळ्यात फ्रिजमधून काढलेल्या वडीवर लगेच पाणी धरते, त्यात साखर विरघळते आणि ती वाळल्यावर खरखरीत डाग उरतो. म्हणून फ्रिजमधून काढलेला वड्यांचा हवाबंद डबा खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडावा. वडीच्या आत आपला कुंदा (बेळगावची खव्याची मिठाई) भरायचा असल्यास तो आधी चांगला कोरडा परतावा आणि खव्याचा पदार्थ असल्याने दोन-तीन दिवसांत संपवावा.