मदत हवी आहे: गॅलरीतलं ऑर्किड आणि त्याचा फोटो

नमस्कार मंडळी, गिरगावात चाळीत राहते, दुसरा मजला, पश्चिमेची लाकडी कठड्याची गॅलरी. तिथे दोन ऑर्किडं टांगलीयत, एक डेंड्रोबियम आणि एक फॅलेनॉप्सिस. डेंड्रोबियम मजेत आहे, फॅलेनॉप्सिसचं मात्र बिनसलंय. मुळं ओली झाली की हिरवी, सुकली की चंदेरी, इथपर्यंत ठीक होतं, पण पाऊस लागल्यापासून दोन-तीन मुळं दाबली की पचपचीत लागतायत आणि कुंडीत मातीऐवजी असलेली झाडाची सालं आठवडा-आठवडा ओलीच. भर पावसात कुंडी बदलू की सडकी मुळं कापून नुसत्या कोळशावर ठेवू? सासूबाई म्हणतात, कोकणात सीतेची वेणी (रानातलं ऑर्किडच ते) झाडावर आपली आपण फुलते, तुझेच लाड जास्त. खरंय म्हणा.

दुसरं म्हणजे फोटो. मला फूल आणि मागे कठड्याची नक्षी, समोरच्या चाळीची कौलं असं एकत्र हवंय, पण मोबाईलवर फुलावर टॅप केलं की मागचं पांढरंफट्ट आणि मागे टॅप केलं की फूल काळं. थर्माकोलचा तुकडा धरून उजेड फुलावर पाडला तर जरा बरं आलं, पण शेजारच्या काकू धरून धरून कंटाळल्या. ढगाळ दिवशी काढू की संध्याकाळी? कुणी असे फोटो काढले असतील तर प्लीज सांगा, कळी उमलायला आलीये.