तोडून आणलेली स्ट्रॉबेरी मऊ का पडते

ग्राहकांना स्वतः फळं-भाज्या तोडू देणाऱ्या शेतातून आणलेली स्ट्रॉबेरी दुसऱ्याच दिवशी मऊ पडते, अशी तक्रार असते. बहुतेक वेळा दोष भांड्याचा असतो. खोल बादलीत वरच्या फळांच्या वजनाने खालची दबतात. पसरट ट्रे घ्या आणि दोन-तीन थरांवर जाऊ नका. फळ धरून ओढायचं नाही. फळाच्या वर सेंटिमीटरभर देठ ठेवून तो नखाने खुडायचा. हिरवी टोपी निघाली की त्या जखमेतून बुरशी शिरते. दव सुकल्यावर पण ऊन चढायच्या आत तोडा, धुवा मात्र खाण्याआधीच.

पांढऱ्या खांद्यांची, म्हणजे टोपीजवळ अजून पांढरी असलेली फळं 'घरी पिकतील' म्हणून घेऊ नका. स्ट्रॉबेरी तोडल्यावर लाल होते, गोड होत नाही. टोमॅटोचं उलट: रंग फिरू लागलेला घरी छान पिकतो. मक्याची कणसं सगळ्यात शेवटी तोडा आणि लगेच थंड करा, कारण तोडल्याबरोबर त्यातली साखर स्टार्चमध्ये बदलू लागते. भेंडी बोटाएवढीच घ्या. टोकं मोडून पारखायची हौस बाजारात ठीक, शेतात नको.

निघण्याआधी शेतावर फोन करून आज कोणता भाग तोडणीला खुला आहे ते विचारा. घरचं भांडं नेलंत तर आधी रिकामं तोलून घ्या, म्हणजे त्याचं वजन मालात धरलं जाणार नाही.