डीपीएफचा दिवा परत परत लागतोय – शहरात पार्सल वाटणारी डिझेल पिकअप

अंबड_पार्सल:
मंडळी, दीड टनी डिझेल पिकअप आहे, बीएस-६, मागे बंद बॉडी. सकाळी नाशिकच्या अंबडमधल्या गोडाऊनमधून माल भरायचा आणि रविवार कारंजा, भद्रकाली, पंचवटी असं वाटप. दिवसाला ४५ किमी, ७० थांबे. डीपीएफचा, म्हणजे सायलेन्सरमधल्या काजळी अडवणाऱ्या जाळीचा, दिवा दर आठ-दहा दिवसांनी लागतो. दोनदा स्कॅनर लावून रिजन (जाळीतली काजळी जाळणं) मारून घेतलं, फरक नाही. आता डिपस्टिकवर ऑइल मॅक्सच्या वर दिसतंय, टॉपअप केलेलं नसताना. एक मिस्त्री म्हणतो, डीपीएफ पोकळ करून सॉफ्टवेअर मारू. करावं का?

काजळी_आणि_राख:
भाऊ, दिवा नंतर, आधी ऑइल. पातळी आपोआप वाढली म्हणजे त्यात डिझेल उतरलंय. डिपस्टिकचा थेंब बोटांवर चोळून वास घ्या, लगेच कळेल. असं पातळ ऑइल टर्बोचा बुश आणि क्रँकचे बेअरिंग खातं. पातळी फारच चढली तर ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ काढणाऱ्या नळीतून) ऑइल इंजिनात ओढलं जातं, आणि मग चावी बंद करूनही इंजिन थांबत नाही. ऑइल-फिल्टर बदलल्याशिवाय गाडी लांब नेऊ नका.

हे का होतं ते पाहा. जाळीतली काजळी जळायला ६०० अंशांच्या आसपास उष्णता लागते. शहरात सायलेन्सर तेवढा तापतच नाही, म्हणून ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) सिलिंडरमध्ये उशिरा जादा डिझेल फवारतो. ते पुढे कॅटमध्ये (कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये) जळून धूर तापवतं. या कामाला साधारण १५ ते २५ मिनिटं सलग लागतात. तुमचा पुढचा थांबा तीन मिनिटांवर. गाडी बंद झाली की रिजन अर्धवट राहतं, पुन्हा सुरू होतं, पुन्हा तुटतं. दर वेळी थोडं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून रिंगांतून खाली ऑइलच्या चेंबरमध्ये जातं.

स्कॅनरने रिजन मारणं म्हणजे साचलेलं जाळणं. काजळी जास्त का होते ते वेगळं शोधावं लागतं. इंटरकूलरच्या होजवर ऑइलचा ओला डाग आहे का बघा. तिथून हवा गळत असेल तर इंजिनाला हवा कमी पडते आणि काजळी वाढते. एअर फिल्टर, चिकटलेला ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा), थेंब गाळणारा इंजेक्टर हेही बघा. थर्मोस्टॅट उघडा अडकला असेल तर इंजिन पूर्ण तापत नाही, आणि मग ईसीयू रिजन सुरूच करत नाही. बऱ्याच गाड्यांत टाकी रिझर्व्हला असली तरी तेच, म्हणून पाव टाकीच्या खाली उतरू देऊ नका.

डीपीएफच्या प्रेशर सेन्सरला दोन बारीक पाइप जातात, ते काढून फुंकून बघा. चीर पडली किंवा पाणी साचलं की रीडिंग चुकतं. इग्निशन चालू, इंजिन बंद असताना स्कॅनरवर दाब शून्याजवळ दिसला पाहिजे.

घोटी_हायवे:
वरच्याला जोडून, ऑइल कुठलं भरता? काजळी जळते, राख जळत नाही. राख ऑइलमधल्या धातूच्या अ‍ॅडिटिव्हची असते, ती जाळीत कायमची बसते. मॅन्युअलमधला कमी राखेचा ग्रेडच घ्या, बऱ्याच डिझेल पिकअपना सीके-४ सांगितलेला असतो. गॅरेजमध्ये ड्रममधून सुटं मिळणारं जुन्या गाड्यांचं ऑइल नको.

अंबड_पार्सल:
दादा, ऑइल सुटंच भरलं होतं. उद्या बदलतो. मग रिजनसाठी गाडी कुठे पळवू?

काजळी_आणि_राख:
आठवड्यातून एकदा वाटप संपल्यावर, इंजिन गरम असतानाच, पाथर्डी फाट्यावरून घोटीच्या दिशेने निघा. एक गिअर खाली ठेवून २००० ते २५०० आरपीएमवर सलग २५ मिनिटं. आयडल वाढलेलं, फॅन जोरात, गरम वास आला तर रिजन चालू आहे असं समजा आणि ते संपेपर्यंत चावीला हात लावू नका. वाळल्या गवतावर किंवा पुठ्ठ्यांच्या ढिगाजवळ उभी करू नका, सायलेन्सर पेटवेल. वाटपाच्या वेळी मात्र आयडलवर ठेवण्यापेक्षा बंद केलेली बरी, आयडलला काजळीच जमते.

राख भरली असेल तर जाळी उतरवून मशीनवर साफ करून घ्या. अ‍ॅसिड किंवा जोराचा पाण्याचा फवारा मारला तर आतलं सिरॅमिक फुटतं. बसवल्यावर स्कॅनरने काउंटर रीसेट करायला सांगा, नाहीतर साफ जाळीवरही दिवा लागेल.

गोदाकाठ_लोडिंग:
पोकळ करायचं डोक्यातून काढा. कंपनीने दिलेल्या रचनेत असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ला धरून नाही, फिटनेसला अडकेल. आणि भद्रकालीच्या बोळात तो धूर लोकांच्या नाकातच जाणार.

खरं तर ४५ किमी आणि ७० थांबे हे डिझेलचं काम नाही. पार्सलमध्ये वजनाआधी जागा भरते, तेव्हा पुढची गाडी घेण्याआधी आठवडाभर भरलेली गाडी काट्यावर घाला. ६०० किलोच्या आत बसत असेल तर टाटा एस ईव्ही बघा: बॅटरी २१.३ किलोवॅट-तास, प्रमाणित रेंज १५४ किमी, बॉडी २०८ घनफूट. टनाच्या आसपास असेल तर इंट्रा व्ही२०, सीएनजी आणि पेट्रोल दोन्हीवर चालते. खरोखर दीड टन भरत असाल तरच डिझेल, आणि मग त्याच गाडीला आठवड्यातून एक सिन्नर किंवा ओझरची फेरी लावून द्या, रिजनसाठी रिकामं पळावं लागणार नाही.