कॅरोब: शेंगांत अळी, फांद्या वाळतात. कीड कोणती?

शेंगवाला: फळावर आलेली कॅरोबची झाडं आहेत. पिकलेल्या शेंगा फोडल्या की आत जाळी, विष्ठा आणि गुलाबीसर अळी. शिवाय पेन्सिलीएवढ्या फांद्या शेंड्याकडून वाळतात, पानं तपकिरी होऊन तशीच लटकतात. कीड एकच आहे का? काय फवारू?

भिंग: किडी दोन आहेत. शेंगेतली तपकिरी डोक्याची अळी कॅरोब मॉथची, म्हणजे एक्टोमायेलॉइस सेराटोनीची. डाळिंब, खजूर, बदाम यांतही हीच. राखाडी पतंग पिकत आलेल्या शेंगेच्या भेगेत अंडी घालतो आणि अळी लगेच आत शिरते. त्यानंतर कुठलाच फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही. बीटी हे जिवाणूजन्य कीटकनाशकसुद्धा नाही, कारण ते अळीनं खावं लागतं.

खरा उपाय स्वच्छता. शेंगा तपकिरी झाल्या की लगेच उतरवा. झाडावर किंवा खाली एकही जुनी शेंग ठेवू नका, अळ्या हिवाळा त्यातच काढतात. जवळ डाळिंब असेल तर तिथली वाळकी फळंही वेचा. शेंगा पाडताना काठी मात्र बेतानं मारा, त्याच सुमारास जुन्या लाकडावर पुढच्या हंगामाचा फुलोरा येत असतो.

साठवणीतही ही कीड वाढते. माल थोडा असेल तर पिशवीत बांधून उणे १८ अंशांवर आठवडाभर ठेवा. पिशवी खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा, नाहीतर शेंगांवर पाणी सुटून बुरशी धरते.

खोडतपासणी: फांद्यांचं मी सांगतो. वाळलेल्या फांदीची खालची बाजू भिंगातून पाहा. एक मिलिमीटरहून बारीक भोक दिसलं तर झायलोसँड्रस कॉम्पॅक्टस, दीड-दोन मिलिमीटरचा काळा भुंगेरा. सिसिलीत तो कॅरोबच्या जाड फांद्या आणि खोडांतही सापडलाय. तो लाकूड खात नाही. बोगद्यात बुरशी वाढवून ती खातो, म्हणून आंतरप्रवाही (झाडाच्या रसातून पसरणाऱ्या) औषधाचा भरवसा नाही. भोकाच्या बरंच खाली, निरोगी लाकडात फांदी कापा आणि त्याच दिवशी जाळा किंवा बारीक भुगा करा. ढीग रचून ठेवलात तर भुंगेरे तिथूनच उडतील.

भोक मोठं असून खाली लालसर भुश्याच्या गोळ्या पडत असतील तर ती झ्यूझेरा पायरिना या पतंगाची अळी: पिवळट, अंगभर काळे ठिपके. बोगद्यात लवचिक तार सारून तिला मारा, किंवा स्टायनरनेमा या कीडनाशक सूत्रकृमींचं (सूक्ष्म जंतांचं) द्रावण सिरिंजनं सोडून भोक ओल्या मातीनं बंद करा.

शेंगवाला: भोकं बारीकच आहेत, छाटणी सुरू करतो. काही शेंगा मात्र खुरट्या आणि जाड राहिल्यात. पानांमागे पांढुरके चपटे ठिपकेही आहेत.

भिंग: खुरटी शेंग उभी चिरा. आत छोटी अळी असेल तर ती अ‍ॅस्फोंडिलिया गेनाडी, गादमाशी. अशा शेंगा माशी बाहेर पडण्याआधी तोडून नष्ट करा. फुलोऱ्यात कीटकनाशक नकोच. परागीभवन मुख्यतः कीटकांवर अवलंबून आहे.

ठिपके नखानं उचला. कवच निघून खाली मऊ पिवळा जीव दिसला तर खवले कीड. फांदीला दुहेरी चिकटपट्टी गुंडाळा. तिच्यावर रांगती पिल्लं दिसू लागली की लिटरमागे १० ते १५ मिली बागायती तेल, पानांच्या खालून, संध्याकाळी. झाड तहानलेलं असताना किंवा ३२ अंशांहून जास्त तापमानात फवारलं तर पानं करपतात. भुरीसाठी गंधक मारलं असेल तर तीन आठवडे थांबा.

आणि पानं चिकट, काळी पडून मुंग्यांची रांग लागली असेल तर चपटी खवले नव्हे, मेणखवले किंवा पिठ्या ढेकूण शोधा. तिथे आधी खोडावर चिकटपट्टीनं मुंग्या अडवा. त्या राखण करतात तोवर मित्रकीटकांना काम करता येत नाही.