घुमट कधी पुसला होता?
सौर प्रकल्पाच्या जागेवर किती ऊन पडतं याची उपग्रहाच्या 20 वर्षांच्या आकड्यांवरून काढलेली सरासरी हाताशी असली की जागेवर वेगळं मोजायची गरज नाही, असं या चर्चेत म्हटलं गेलं; ते मला अर्धंच पटतं. आडव्या पृष्ठभागावर पडणाऱ्या एकूण सौर ऊर्जेची वार्षिक सरासरी उपग्रहावरून बरीच चांगली मिळते. पण थेट किरणांचा (सूर्याकडून न विखुरता सरळ येणाऱ्या प्रकाशाचा) अंदाज हवेतल्या धूळ-धुराबद्दलच्या गृहीतकावर टेकलेला असतो आणि तिथे चूक बरीच मोठी होऊ शकते. 1991 मध्ये फिलिपिन्समधल्या पिनाटुबो ज्वालामुखीच्या उद्रेकानंतर हवेत पसरलेल्या कणांमुळे थेट किरण खूप घटले, विखुरलेला प्रकाश वाढला, त्यामुळे एकूण बेरीज त्या मानाने थोडीच उतरली. आरशांनी फक्त थेट किरण एकवटणाऱ्या प्रकल्पाला हा फरक फार जड जातो, सपाट पॅनेलना तितका नाही.

एक गोष्ट मात्र चर्चेत आलीच नाही: जमिनीवरचा पायरॅनोमीटर, म्हणजे पडणारी सौर ऊर्जा मोजणारं उपकरण, तोसुद्धा चुकतो. त्याच्या काचेच्या घुमटावर धूळ बसली की तो कमी दाखवतो, आणि मग उपग्रहाचे आकडे त्याच्याशी जुळवताना आपण उपग्रहाची बरोबर असलेली मालिकाच खाली ओढतो. त्यामुळे वर्षभराच्या मोजमापासोबत घुमट पुसल्याची नोंदवही आणि शेवटच्या कॅलिब्रेशनची (उपकरण प्रमाणाशी ताडून पाहिल्याची) तारीख मागाच. ती नसेल तर तो डेटा मी जुळवणीला घेणार नाही.